तीन पिकं आणि एक कालवा : तुलूझ ते बेझिए, सायकलवरून



आज बागेची नोंद नाही. खरड छाटणीनंतर काडी तयार होत असते तेव्हा जुलैत आपल्याला थोडी उसंत मिळते, म्हणून यंदा पुतणीकडं फ्रान्सला जाऊन आलो. ती दक्षिणेला तुलूझ शहरात नोकरीला आहे. तिनं दोन सायकली भाड्यानं घेतल्या आणि म्हणाली, "काका, आयफेल टॉवर राहू दे. तुम्हाला एक कालवा दाखवते." पाच दिवसांत कालव्याच्या कडेकडेनं २०८ किलोमीटर केले. पन्नाशी उलटलेल्या गुडघ्यांना ते जमलं, कारण कालव्याची वाट सपाट असते. जिथं चढ येतो तिथं पाणी दरवाजांच्या पायऱ्या चढतं आणि आपण चार पायडल जोरात मारायचे, एवढंच.

फोटो टाकले तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं की हा कालवा शेतीचा का? नाही. कानाल द्यु मिदी हा बोटींसाठी खणलेला कालवा. आज त्याचं पाणी शेतीलाही मिळतं, पण खणला तो माल वाहायला. आणि त्याच्या कडेनं जाताना मला इतिहास दिसला तो राजे-राण्यांचा कमी आणि पिकांचा जास्त. एका पट्ट्यात तीन पिकं एकामागून एक चढली आणि बसली. बसली तेव्हा प्रत्येक वेळी शेतकऱ्याची चूक होतीच असं नाही. सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

सुरुवात तुलूझपासून. या शहरात जुन्या व्यापाऱ्यांच्या मोठमोठ्या विटांच्या हवेल्या आहेत. त्यातली एक पिएर दासेझा नावाच्या व्यापाऱ्याची, १५५५ साली बांधायला घेतलेली. पुतणीनं विचारलं, "हा कशात श्रीमंत झाला असेल?" मी म्हणालो कापड, नाहीतर दारू. निघाला तो एका पाल्याचा व्यापारी! पास्तेल नावाची मोहरीच्या कुळातली वनस्पती, तिच्या पाल्यातून निळा रंग निघतो. तुलूझच्या आग्नेयेला लोरागे म्हणून पट्टा आहे, भारी चिकणमातीचा. तिथं हे पीक घ्यायचे. पाला एका हंगामात तीन-चारदा काढायचा, बैलानं किंवा घोड्यानं फिरणाऱ्या दगडी चाकाखाली ठेचायचा, लगद्याचे मुठीएवढे गोळे वळायचे आणि मांडवावर वाळवायचे. नंतर ते गोळे फोडून, ओले करून, ढीग लावून महिनोन्‌महिने पलटत राहायचे. आपण कंपोस्ट पलटतो तसंच, फक्त वास त्याहून वाईट. या गोळ्यांना 'कोकाञ' म्हणत, आणि त्यावरून या मुलखाला कोकाञचा देश असं नाव पडलं. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ आज 'सुबत्तेचा मुलूख' असा होतो. आपण 'सोन्याचा धूर निघतो' म्हणतो, तिकडं पाल्याच्या गोळ्यानं तेच काम केलं.

साधारण शंभर वर्षं हे चाललं. मग १५६० नंतर धंदा कोसळला. एक कारण घरचं: १५६२ पासून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातल्या लढाया पेटल्या, रस्ते बंद झाले, मालाला उठाव राहिला नाही. दुसरं कारण ऐकून मी सायकल थांबवली. ते कारण आपल्याकडून गेलं होतं. पोर्तुगीजांची जहाजं समुद्रमार्गानं हिंदुस्थानची नीळ युरोपात न्यायला लागली. गुजरातेतल्या सरखेजची नीळ तेव्हा नावाजलेली होती. तेवढ्याच वजनात आपली नीळ पास्तेलच्या कितीतरी पट रंग देते, मग रंगारी पाला कशाला घेईल? सरकारनं पास्तेलवाल्यांना वाचवायचा प्रयत्न केला. १६०९ साली चौथ्या हेन्री राजानं नीळ वापरणाऱ्याला थेट मृत्युदंडाची तंबी दिली. बाजारावर त्याचा फार परिणाम झाला नाही. दासेझाच्या हवेलीचं काम ठरल्याप्रमाणं पुरं झालंच नाही, अंगणाच्या एका बाजूला ते अर्धवट राहिलेलं आजही दिसतं.

(नीळ पिकवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याचं पुढं इंग्रजांच्या काळात चंपारणात काय झालं आणि मग जर्मन कारखान्यातल्या कृत्रिम रंगानं त्या नीळीचंही काय केलं, तो वेगळा लेख होईल.)

तुलूझहून निघालं की पहिले पन्नासेक किलोमीटर वाट डांबरी आहे. दोन्हीकडं गव्हाचं मोकळं रान आणि सूर्यफूल. गहू नुकताच काढलेला, सूर्यफूल ऐन फुलात. समोरून वारा. या वाऱ्याला 'ओताँ' म्हणतात, आग्नेयेकडून येतो आणि सुटला की दिवसचे दिवस थांबत नाही. पवनचक्क्यांना तो सोयीचा, सायकलवाल्याला नव्हे. सपाट वाटेचं जे कौतुक वर केलं ते या वाऱ्यानं त्याच दिवशी वसूल केलं.

आता कालव्याकडं येतो. पिएर-पॉल रिके हा माणूस इंजिनिअर नव्हता. तो मिठावरचा कर गोळा करणारा ठेकेदार होता. म्हणजे लोकांना त्याचा फारसा लळा असण्याचं कारण नाही. पण त्या कामासाठी तो सगळा मुलूख फिरलेला होता. अटलांटिक महासागर आणि भूमध्य समुद्र कालव्यानं जोडायचा विचार फार जुना, अडचण एकच होती. दोन समुद्रांच्या मध्ये नोरूझ नावाची खिंड आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे १९० मीटर उंच. कालवा या खिंडीवरून न्यायचा तर दोन्ही उतारांना पुरेल एवढं पाणी बरोबर माथ्यावर पाहिजे. दर वेळी बोट वर-खाली झाली की पाणी खाली निघून जातं. माथ्यावर तर नदी नाही. मग पाणी आणायचं कुठून?

उत्तर मिळालं ते काळ्या डोंगरात, माँताञ न्वार. तिथं बारा महिने वाहणारे ओढे आहेत. ते उंचावरच अडवायचे आणि डोंगराच्या कडेनं समपातळीत पाट काढून नोरूझला आणायचे. रिकेला हे ओढे दाखवणारा आणि पाट कसा काढायचा ते समजावणारा माणूस होता पिएर काँपमास, रेव्हेल गावचा पाणी सोडणारा. आपल्या भाषेत पाटकरी. कुठल्या ओढ्याला उन्हाळ्यात किती पाणी असतं, कुठून वळवलं तर ते आपसूक उतरतं, हे त्याला पिढीजात माहीत होतं. १६६२ च्या नोव्हेंबरात रिकेनं राजाचा मंत्री कोलबेर याला पत्र लिहून योजना मांडली. राजाच्या तज्ज्ञांना खात्री पटेना, तेव्हा १६६५ साली एक बारका चाचणी पाट खणून पाणी खिंडीपर्यंत खरंच येतं हे दाखवून दिलं. पुढच्या वर्षी चौदाव्या लुईचं फर्मान निघालं.

आपल्याकडं पाटकऱ्याला कोण विचारतं ते आपण जाणतो. नोरूझला रिकेच्या वंशजांनी उभारलेला भला मोठा दगडी स्तंभ आहे. काँपमासच्या नावाचं काही तिथं माझ्या तरी नजरेला पडलं नाही.

डोंगरातलं पाणी साठवायला साँ-फेरेओल इथं मातीचं धरण बांधलं, १६६७ ते १६७२ या काळात. आत दगडी भिंती आणि मध्ये दाबलेली माती. उंची तीस मीटरच्या वर, लांबी पाऊण किलोमीटरच्या आसपास. साठा ६० लाख घनमीटरच्या थोडा वर, म्हणजे पाव टीएमसीहूनही कमी. आपल्या कोयनेच्या हिशेबात हे तळंच. पण हे माणसांनी टोपल्यांनी माती वाहून केलेलं काम आहे आणि साडेतीनशे वर्षांनीही तेच धरण कालव्याला पाणी देतं. माती वाहणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येनं होत्या. कामाच्या ऐन भरात एकूण बारा हजार माणूस होतं.

मजुरीचा हिशेब मला सगळ्यात रोचक वाटला. रिकेनं महिन्याला दहा लिव्र पगार बांधून दिला आणि त्यात रविवार, सण, पावसानं बुडालेला दिवस, आजारपण यांची कपात नाही. सतराव्या शतकात! दया म्हणून केलं असेल असं मला वाटत नाही. त्याला माणसं टिकवायची होती, आणि ही माणसं म्हणजे आजूबाजूची शेतमजूर मंडळी. सुगीला ती शेतावर पळाली तर कालवा थांबणार. आसपासच्या जमीनदारांना हा पगार काय आवडला असेल याचा अंदाज आपल्यापैकी ज्याला खुडणीला माणसं मिळत नाहीत त्यानं करावा.

आणखी एक बारकावा. या कालव्यावरच्या पाणकोठ्या, म्हणजे दोन दरवाजांमधली बोट वर-खाली करायची जागा, सरळ भिंतींच्या नसून लंबगोल आहेत. सुरुवातीला सरळ भिंतीची बांधली होती, ती मातीच्या दाबानं आत ढासळली. मग भिंतीला बाहेरून फुगवटा दिला. विहिरीचं गोल कडं का टिकतं आणि चौकोनी का ढासळतं ते ज्यानं विहीर बांधली त्याला सांगायला नको.

नोरूझला माथ्यावर अष्टकोनी मोठा तलाव बांधला होता. तो थोड्याच वर्षांत गाळानं भरला आणि सोडून द्यावा लागला. आज तिथं झाडी आहे. शेजारून पाट येतो आणि कालव्याला मिळतो, तिथून पाणी दोन्हीकडं फुटतं, पश्चिमेला आणि पूर्वेला. आम्ही तिथं भाकरीसारखा जाड पाव आणि चीज खाल्लं. पुतणीनं एक पान पाण्यात टाकलं. ते बराच वेळ जागच्या जागी फिरलं आणि मग भूमध्य समुद्राच्या बाजूला निघालं.

रिकेनं या कामात स्वतःचा पैसा घातला आणि कर्जात बुडाला. १ ऑक्टोबर १६८० ला तो वारला. आपल्याकडं एप्रिलात शिवाजी महाराज गेले ते हेच साल. कालवा उघडला मे १६८१ मध्ये, म्हणजे आठ महिन्यांनी. त्याच्या वारसांना कर्जातून डोकं वर काढायला चाळीसेक वर्षं लागली.

पण लोरागेला दुसरं पीक मिळालं. पास्तेल गेल्यावर त्या भारी जमिनीत गहू होताच, कालव्यानं त्याला वाट मिळाली. पूर्वी खटाऱ्यातून नेताना भाड्यातच किंमत जायची. आता गहू बोटीनं भूमध्य किनाऱ्याकडं जायला लागला, आणि अठराव्या शतकात या पट्ट्यातले गव्हाचे जमीनदार चांगले गबर झाले. गंमत अशी की कार्कासोन शहरानं कालव्याच्या खर्चात वाटा द्यायला नकार दिला होता, म्हणून कालवा त्याला वळसा घालून गेला. सव्वाशे वर्षं हे शहर बोटींकडं लांबून बघत बसलं. शेवटी स्वतः धडपड करून १८१० साली कालवा शहरापर्यंत आणून घेतला. कार्कासोनचा जुना किल्ला मोठा देखणा आहे, दुहेरी तट आणि टोकदार बुरूज, पण त्यातला बराच भाग एकोणिसाव्या शतकात दुरुस्त केलेला. किल्ल्यावर तुफान गर्दी होती. आम्ही तासाभरात खाली उतरलो.

१८५७ साली बोर्दोपासून सेतपर्यंत रेल्वे पुरी झाली. पुढच्याच वर्षी त्याच रेल्वे कंपनीला कालवा चाळीस वर्षांच्या भाड्यानं दिला गेला. म्हणजे एस.टी.चा डेपो वडापवाल्याकडं चालवायला दिल्यासारखं झालं. कालव्यावरचा माल आटत गेला. परदेशी गहू मार्सेयच्या बंदरात स्वस्त उतरायला लागला आणि लोरागेच्या गव्हाची ती शान गेली. पण पूर्वेकडच्या उन्हाच्या पट्ट्यात, बेझिए-नारबोनकडं, रेल्वेनं उलटं केलं. पॅरिस आणि उत्तरेकडचे कोळशाचे, गिरण्यांचे जिल्हे एकदम जवळ आले. तिथल्या कामगाराला रोज स्वस्त वाईन पाहिजे. गहू, ऑलिव्ह, मेंढ्या असं मिश्र शेतीचं रान बघता बघता नुसत्या द्राक्षाचं झालं. तिसरं पीक आलं.

द्राक्षाकडं वळायच्या आधी झाडांचं सांगतो, कारण कार्कासोन सोडलं की तीच डोळ्यांत भरतात, म्हणजे त्यांची उणीव. या कालव्याच्या दोन्ही काठांना चिनाराच्या जातीची झाडं होती, तिकडं त्यांना प्लातान म्हणतात. सुमारे ४२ हजार, बहुतेक एकोणिसाव्या शतकात लावलेली. त्यांच्या सावलीची कमान हीच कालव्याची ओळख. २००६ साली कार्कासोनच्या पुढं एका ठिकाणी झाड अचानक वाळलेलं आढळलं. बुरशी निघाली, सेराटोसिस्टिस. ज्यांची डाळिंबाची बाग आहे त्यांच्या पोटात हे नाव वाचून गोळा आला असेल. आपल्या डाळिंबाची मर आणणारी सेराटोसिस्टिस फिम्ब्रिएटा, आणि ही तिची सख्खी बहीण. पूर्वी तर तिला त्याच जातीचा एक प्रकार मानायचे. आत शिरली की झाडाची नळी बंद होते आणि लाकडावर तेच काळपट निळे डाग. जखमेतून शिरते, मुळाला मूळ लागून पुढच्या झाडात जाते, हत्यारांवरून जाते, पाण्यातून जाते. बोटवाले दोर झाडाच्या मुळाला बांधायचे, बोटी मुळांना घासायच्या, आणि काठ तर सलग एकाच जातीच्या झाडांचा. औषध नाही. बाधित झाड आणि त्याच्या आजूबाजूची धडधाकट दिसणारी झाडंसुद्धा तोडून जागेवरच जाळायची. निम्म्याहून जास्त झाडं गेली. आम्ही कित्येक किलोमीटर रणरणत्या उन्हात गेलो. मध्ये मध्ये ओकची आणि इतर वेगवेगळ्या जातींची तरणी झाडं लावलेली, सावली द्यायला अजून वीस-तीस वर्षं घेतील. या वेळी एकच जात लावलेली नाही.

होम्पच्या पुढं द्राक्षबागाच बागा. मण्यात नुकतंच पाणी उतरायला लागलेलं. मांडव नाही, कमरेएवढी झाडं, तारेवर. आणि बऱ्याच ठिकाणी मधला पट्टा मोकळा, बाग काढून टाकलेली.

या भागाला १८६० नंतर फायलोक्सेरा लागला. मुळांचा रस शोषणारी बारीक कीड, अमेरिकेतून आलेल्या रोपांबरोबर आली. १८६८ साली मोंपेलिएच्या प्लाँशाँ नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं सोबत्यांसह ती मुळांवर शोधून काढली, तोवर बागा एकरच्या एकर वाळत होत्या. लोकांनी काय काय केलं! कालव्याकाठच्या सखल बागांत हिवाळ्यात चाळीस दिवस पाणी तुंबवून कीड बुडवून मारली, त्यासाठी या कालव्याचंही पाणी घेतलं. समुद्राकाठच्या वाळूत कीड जगत नाही म्हणून वाळूत बागा लावल्या. खरा तोडगा मात्र अमेरिकेच्याच खुंटावर फ्रेंच काडी बांधणं हा निघाला. आपण आज सर्रास जे कलम करतो त्याची मुळं इथं आहेत. ११० आर या खुंटातला 'आर' म्हणजे रिश्टर, मोंपेलिएकडचाच. आणि आपला डॉगरिज निवडला तो टेक्सासच्या मन्सननं, ज्याला खुंटांच्या मदतीबद्दल फ्रान्स सरकारनं १८८८ साली कृषी सन्मान दिला. आपल्याकडं डॉगरिज आला तो फायलोक्सेरासाठी नाही, पाण्याच्या आणि क्षाराच्या ताणासाठी, पण घराणं तेच.

कलम करून बागा पुन्हा उभ्या राहिल्या. यातच पुढच्या संकटाचं बी होतं. खर्च निघावा म्हणून लोकांनी डोंगरउतार सोडून सपाट, कसदार जमिनीत आरामाँ नावाची भरघोस उतारा देणारी जात लावली. पातळ, कमी साखरेची वाईन, पण टनावारी. अल्जीरियातून, तेव्हा ती फ्रेंच वसाहत, वेगळी वाईन जहाजानं यायला लागली. आणि तिसरी गोष्ट साखर. १९०३ च्या कायद्यानं साखरेवरचा कर कमी झाला, मग व्यापारी उरलेल्या चोथ्यावर साखर-पाणी ओतून दुसऱ्या घाण्याची वाईन काढायला लागले. आपल्याकडं साखरेनं सहकार उभा केला, तिकडं साखर हाच शत्रू. (ऊसवाल्यांनी राग धरू नये.) भाव उत्पादन खर्चाच्या खाली गेले. पिंपं भरलेली, गिऱ्हाईक नाही. कर्ज देणारे दारात.

आर्जलिए हे कालव्याकाठचं साधं गाव. मार्सेलँ आल्बेर नावाचा तिथला एक लहान बागायतदार, जोडीला खाणावळही चालवायचा. ११ मार्च १९०७ ला गावातले ८७ जण त्याच्याबरोबर नारबोनला गेले, संसदेची समिती चौकशीला आली होती तिच्यापुढं गाऱ्हाणं मांडायला. समितीनं ऐकून घेतलं. बस्स. पण गावोगाव बातमी गेली आणि दर रविवारी एकेका शहरात सभा सुरू झाली. १२ मे ला बेझिएत दीड लाख लोक. ९ जूनला मोंपेलिएत पाच लाखांच्या वर. तेव्हा ना फोन ना व्हॉट्सअ‍ॅप. मालक, मजूर, दुकानदार सगळे एका रांगेत, कारण या पट्ट्यात द्राक्ष बसलं की न्हाव्याचाही धंदा बसतो. मागणी सोपी होती: भेसळ बंद करा. कर भरणं बंद झालं, नगरपालिका धडाधड राजीनामे देऊ लागल्या. नारबोनचा नगराध्यक्ष डॉक्टर फेरूल यानंही राजीनामा दिला.

पंतप्रधान क्लेमांसोनं सैन्य पाठवलं. १९ जूनला फेरूलला अटक झाली, आणि त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी नारबोनमध्ये गोळीबार झाला. सहा जण मेले. त्यात एक वीस वर्षांची मुलगी होती, बाजाराला आलेली. सतराव्या पलटणीतली पोरं याच भागातली, बागायतदारांचीच मुलं. ती तेव्हा आग्द गावी होती. गोळीबाराची बातमी कळताच पाचशेच्या आसपास शिपायांनी दारूगोळ्याची कोठारं फोडली आणि रात्रीतून वीसेक किलोमीटर चालत बेझिए गाठलं. तिथं बंदुका उलट्या धरून लोकांत जाऊन बसले. पुढं त्यांना ट्युनिशियातल्या गाफ्साला, वाळवंटाच्या तोंडाशी धाडलं.

आल्बेरचं काय झालं ते मी आर्जलिएच्या चौकात बसून पुतणीकडून दोनदा ऐकून घेतलं, कारण पहिल्यांदा खरं वाटेना. तो लपतछपत पॅरिसला गेला आणि २३ जूनला थेट क्लेमांसोला भेटला. क्लेमांसोनं त्याला बोलण्यात गुंडाळलं, आल्बेर रडला, आणि परत जाताना गाडीभाड्याला म्हणून क्लेमांसोनं शंभर फ्रँकची नोट दिली. आल्बेरनं घेतली. क्लेमांसोनं ही गोष्ट लगेच पत्रकारांना सांगितली. संपला माणूस! लाखोंच्या सभा गाजवणारा, शंभर फ्रँकात विकला गेला म्हणून गावात तोंड दाखवायची चोरी झाली. १९२१ साली गरिबीत वारला. माझं मत विचाराल तर त्यानं गाडीभाडं घेतलं, दुसरं काही नाही. पण पुढारी आणि शेतकरी एका खोलीत बसले की कॅमेरा कुणाच्या बाजूनं असतो, हे त्याला माहीत नव्हतं.

मागणी मात्र मान्य झाली. २९ जून १९०७ ला कायदा आला: प्रत्येकानं किती क्षेत्र, किती वाईन काढली हे जाहीर करायचं, साखरेवर जादा कर. सप्टेंबरात बागायतदारांचा महासंघ झाला आणि त्यानं भेसळ पकडायला स्वतःचे निरीक्षक नेमले. पण भेसळ हे अर्धंच दुखणं होतं. लागवडच बेसुमार होती, ती कुणी बोलून दाखवत नव्हतं, कारण ती प्रत्येकाच्याच रानात होती. बेदाण्याचा भाव पडल्यावर आपणही आधी चायना आणि अफगाणी मालाला शिव्या देतो. त्या चुकीच्या असतात असं नाही. पण आपल्या तालुक्यात दरवर्षी किती एकर वाढली, हा आकडा आपण शेवटी काढतो.

शेवटच्या दिवशी आँसेरूनच्या टेकडीवर चढलो. खाली बघितलं आणि दोघंही गप्प. माँतादीचं तळं. १२४७ साली, म्हणजे देवगिरीला यादव राज्य करत होते तेव्हा, तिथल्या लोकांनी चारशे हेक्टरांहून मोठं दलदलीचं तळं कोरडं केलं. मधोमध एक गोल आणि त्याच्याकडं चारी बाजूंनी सरळ चर, सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारखे. प्रत्येक दोन चरांमध्ये एक शेत, त्रिकोणी, जिलेबीच्या नव्हे, कलिंगडाच्या फोडीसारखं. पाणी मध्यात जमतं आणि तिथून टेकडीच्या पोटातून खणलेल्या १,३६४ मीटरच्या बोगद्यानं पलीकडं जातं. आठशे वर्षांपूर्वीचा बोगदा, आजही त्यातूनच निचरा होतो. त्याच टेकडीच्या पोटातून वर रिकेच्या कालव्याचा मालपासचा बोगदा जातो, १६७९ चा, आणि रेल्वेचाही तिसरा. एकाच टेकडीला तीन काळांनी तीन भोकं पाडलेली.

खाली उतरून कोलाँबिएकडं जाताना एका बागायतदाराची गाठ पडली. साठीचा माणूस, ट्रॅक्टरमागं उपटलेल्या वेलींच्या खोडांचा ढीग. सायकलवर असलो की माणसं हटकतात, गाडीतल्याला कोणी हटकत नाही. पुतणीनं सांगितलं की काकांची भारतात द्राक्षबाग आहे, तसा तो बांधावरच बसला. फ्रान्समध्ये वाईन पिणारे कमी होत चाललेत. बाग कायमची काढणाऱ्याला सरकारनं हेक्टरी चार हजार युरो द्यायला काढलेत, आपल्या हिशेबात एकरी दीड लाखाच्या आसपास. त्यानं दोन हेक्टर काढली होती. आजोबा १९०७ च्या सभेला बेझिएत होते म्हणाला. बाकीची बाग ठेवणार आहे, "अजून तरी".

मी विचारलं, काढलेल्या रानात आता काय? त्यानं पलीकडं बोट दाखवलं. ठिबकच्या नळ्या अंथरलेल्या, खड्डे घेतलेले. "ग्रनादिए," तो म्हणाला. पुतणी माझ्याकडं वळली. "काका, डाळिंब."

पाणी कमी, ऊन जास्त, म्हणून त्या भागात काही जण डाळिंब लावून बघतायत. मला हसू आलं, मग कालव्याकाठची ती बोडकी झाडं आठवली. त्याला विचारलं, तुझ्या प्लाताना कशानं मेल्या माहीत आहे? माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत आहे. मग मी त्याला आपल्या सोलापूर-सांगोल्याच्या बागांचं सांगितलं. तिकडच्या डाळिंबाला असं काही लागल्याचं त्यानं ऐकलेलं नव्हतं, आणि न लागो. तरी सांगितलं: रोपं खात्रीच्या रोपवाटिकेतूनच घे, मुळांना जखम करू नकोस, एका झाडाची कात्री दुसऱ्याला धुतल्याशिवाय लावू नकोस, एक झाड एकदम पिवळं पडलं तर वाट न बघता बाजूची माती अडव. तो ऐकत राहिला. मग खिशातून मोबाइल काढून पुतणीला म्हणाला, ते नाव परत सांग, आणि स्पेलिंग सांग.